हौदातलं नवं धान

इंजीन दुपारी बारा-साडेबाराला बंद पडायचं. रोज नव्हे. रोज पडलं असतं तर बरं झालं असतं, रोजचं दुखणं माणूस अंगवळणी पाडून घेतो. हे दोन दिवस धड चालायचं आणि तिसऱ्या दिवशी तापून, खोकून थांबायचं. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत मी चांदा जिल्ह्यातल्या मूल गावी एका धानगिरणीत इंजीन-ड्रायव्हर होतो. अख्खी गिरणी त्या एका तेलाच्या इंजिनावर चालायची. ते थांबलं की बाहेर बैलबंड्या सोडून बसलेले शेतकरी माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

दिवाळीच्या आधी चांद्याच्या एका म्हाताऱ्या मुसलमान मिस्त्र्याने ते इंजीन खोलून पिस्टनला नव्या रिंगा बसवल्या होत्या. राजुऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या गिरण्यांची इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली. सगळे त्याला चाचा म्हणत, मीही. पण हात लावला की दोषही आपलाच. इंजीन थांबलं की गिरणीचे मालक, आमचे सेठ, पहिलं नाव चाचांचं घ्यायचे. रिंगा घट्ट बसवल्यात म्हणून तापतं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

चाचा मोटारीने धूळ खात आले आणि त्यांनी रिंगा काढून घासल्या. पुन्हा आले तेव्हा तेलाची नळी धुतली. तिसऱ्या खेपेला पाण्याचा पंप खोलला. इंजीन थंड ठेवायला बाहेरच्या हौदातून पाणी यायचं, तो पाइपही सोडवून फुंकून पाहिला. हवा आरपार गेली. सगळं लख्ख. आम्ही दोघं काळे हात घेऊन ओट्यावर बसून राहिलो. खरं सांगायचं तर मला त्या इंजिनाचा, सेठचा, आणि चाचांच्या न संपणाऱ्या धीराचासुद्धा वीट आला होता.

चौथ्यांदा बंद पडलं तेव्हा सेठनी गिऱ्हाइकांसमोरच सुनावलं की चाचा, आता तुमच्याच्याने होत नाही, मी नागपूरचा माणूस बोलावतो. चाचांनी पाने-हातोडे पोत्यात बांधले आणि मोटारीच्या अड्ड्याकडे निघाले. मी पोतं उचलायला गेलो तर राहू दे म्हणाले.

नागपूरचा माणूस यायला आठवडा होता. मधेच एका दुपारी इंजीन पुन्हा तापलं. तापलं की आधी बंद करायचं आणि मग शोधायचं, हा आमचा शिरस्ता. त्या दिवशी मी इतका थकलो होतो की बंद केलं नाही. जळू दे एकदाचं, म्हणालो आणि तोंड धुवायला हौदावर गेलो. वाकलो, हात खोल गेला आणि पाइपाच्या तोंडाच्या जाळीला लागला. जाळीवर बोटभर जाड काहीतरी चिकटलं होतं. त्यातलं थोडं ओरबाडून वर काढलं तर फुगलेलं धान; बाकीचं तसंच चिकटून राहिलं.

मी धावत जाऊन इंजीन बंद केलं आणि पुन्हा हात घातला. आता जाळी मोकळी होती. पंपाची ओढ थांबली की दाणे सुटून तळाशी बसत होते. म्हणजे चोर निघून गेल्यावर आम्ही दर वेळी घर तपासत होतो.

ते धान तिथे कसं आलं, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. आमच्याकडे नवं धान देवाला दिल्याशिवाय कोणी खात नाही. पहिली बंडी गिरणीवर आली की शेतकरी एक मूठ यंत्रालाही द्यायचे, फिरत्या पट्ट्यावर टाकायचे. त्या हंगामात एका म्हाताऱ्याचा दुपट्टा पट्ट्यात जाता जाता वाचला. मी त्याच्यावर ओरडलो आणि म्हणालो, इथे नाही, हौदात टाका, पाणी म्हणजे गंगाच. मग येईल त्याला तेच सांगत सुटलो. लोकांनी बिचाऱ्यांनी ऐकलं. हिरव्या पाण्यात तळ दिसत नव्हता, आणि चाचा पाइप फुंकत होते तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या मला ते एकदाही आठवलं नाही.

हौद उपसला. इंजीन धडधडत चाललं. सेठ खूश झाले, नागपूरच्या माणसाला नको म्हणून कळवलं. हौदात कचरा होता, एवढंच मी त्यांना सांगितलं. कचरा कोणी टाकायला लावला ते तोंडातून निघालं नाही. मी भ्यालो होतो.

पुढच्या रविवारी चांद्याला गेलो. चाचा खाटेवर बसले होते. पाने बांधलेलं पोतं कोपऱ्यात तसंच पडलं होतं. राजुऱ्याहून कामाचं बोलावणं आलं होतं, ते त्यांनी नाकारलं, असं चाचींनी सांगितलं. आता आपल्या हातात काम राहिलं नाही, असं म्हणत होते म्हणे.

मी सगळं सांगितलं, माझी चूकही. जाळीचा भाग चाचांनी दोनदा सांगायला लावला.

"म्हंजे रिंगा बरोबर होत्या," ते म्हणाले.

"बरोबर होत्या, चाचा."

त्यांनी चाचींकडे पाहिलं. "आयकलं का? मी बसवल्या त्या बरोबर होत्या." त्यांचे डोळे भरले. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

चाचींनी चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "मंग सेठले सांगतलं का, भाऊ?"

"सांगतो," मी म्हणालो.

सेठ त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. रोज सकाळी इंजीन कसं आहे विचारायचे, मी ठीक आहे म्हणायचो. चाचांना मूलमध्ये पुन्हा कोणी बोलावलं नाही.