सुमित्राची टिकाऊ खरेदी

मी भांडकुदळ बाई आहे, हे आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत गेटवरच्या गार्डपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या फायली ढकलल्या, निवृत्त झाले, आता पार्किंगवरून आणि पाण्याच्या टँकरवरून भांडते. पण वरच्या मजल्यावरच्या सुमित्राशी माझं कधी वाजलं नाही. वाजणार कसं? तिच्या बाथरूममधून माझ्या छतावर ओल उतरली तेव्हा मी तणतणत वर गेले, तर बाई शांतपणे म्हणाली, "जाऊ द्या ना अलकाताई, आता किती दिवसांचं आहे हे?"

मला वाटलं, घर बदलतेय. कसलं काय! ती जगाबद्दल बोलत होती.

सुमित्रा आणि तिचा नवरा दिनकर, दोघं पहाटपंथी. नाव ऐकलं नसेल तुम्ही, मीही ऐकलं नव्हतं. दिल्लीत मराठी नोकरदारांची पन्नास-साठ घरं असतील त्यांची. त्यांचं म्हणणं असं की हे जग आता थोडक्या दिवसांचं, लवकरच पहाट होणार आणि सगळं नव्याने मांडलं जाणार. मग टिकणारी वस्तू घ्यायची कशाला? टिकाऊ घेतलं म्हणजे पहाटेवर भरवसा नाही. जे लागेल ते हलकं, स्वस्त, मोडेपर्यंत वापरायचं आणि उरलेला पगार पंथाला द्यायचा. पुढच्या वर्षाची गोष्ट काढायची नाही. आपण पुढे अमुक वर्षांचे होऊ, असा शब्द तर चुकूनसुद्धा तोंडातून जाता कामा नये. मोठं पाप.

त्यामुळे त्यांच्या घरात चहा प्यायचा म्हणजे एक कसरत असायची. कपाचा कान हातात आणि कप मांडीवर, असं माझं एकदा झालेलं आहे. तव्याचे काळे पापुद्रे पोळीला चिकटायचे. प्लास्टिकच्या खुर्चीवर दिनकरराव बसले की खुर्चीचे पाय चारी दिशांना पसरायला लागायचे. मिनिस्ट्रीत असिस्टंट म्हणून नोकरी करणारी बाई बादलीच्या चिरेवर मेणबत्ती वितळवून डाग देत बसायची. मी म्हणायचे, "अगं, नवी घे की!" ती हसायची. ते हसू फार गोड होतं, खोटं कशाला बोलू? ज्याला उद्याची काळजी नाही त्याचं हसू.

दिनकरराव गेले, आठ वर्षं झाली. तेव्हा मी पंथाची माणसं जवळून पाहिली. तेरा दिवस सुमित्राच्या घरात चूल पेटली नाही, रोज कुणी ना कुणी डबे आणत होतं, बायका आळीपाळीने तिच्याजवळ झोपत होत्या, संध्याकाळी सगळे मिळून गात होते. माझ्या नवऱ्याच्या वेळी सोसायटीतून आला तो फक्त एक व्हॉट्सॅप मेसेज, हात जोडलेल्या चित्रांचा. तेव्हा मला तिचा हेवा वाटला, अगदी स्पष्ट सांगते.

मग दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ती गुडगावला गेली. पंथाचे प्रमुख, दादासाहेब, त्यांच्या मुलाचं घर बांधून होत होतं, तिथे सभेच्या सतरंज्या ठेवायला द्यायच्या होत्या. तीन मजली घर. दाराची लाकडं एवढी जाड, की दोघांनी मिळून ढकलायची. ठेकेदाराने हौसेने तिला जिना दाखवला, भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, "बहनजी, सौ साल हिलेगा नहीं!"

शंभर वर्षं! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. आणि आमची ही इथे बादलीला मेण लावतेय! मी असते तर त्या ठेकेदारासमोरच दादासाहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. सुमित्राने काय केलं? सतरंज्या नीट घडी करून कोपऱ्यात ठेवल्या, मेट्रोने घरी आली आणि पुढच्या रविवारपासून सभेला गेली नाही. बस. एवढंच.

एवढंच म्हणते, पण त्यात तिची पोर गेली.

कृतिका, एकुलती एक. दिल्लीतच मुनिरक्यात पंथातल्याच दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते आणि एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. पंथ सोडणाऱ्याला ते 'विझलेला' म्हणतात. विझलेल्याच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही, मग ती जन्म देणारी आई का असेना. कृतिकाने फोनवर सांगितलं, "आई, तू परत ये, मग मी येते." आणि येणं बंद केलं. महिन्यातून एक फोन, तोही तीन मिनिटांचा.

घर खायला उठायला लागलं तेव्हा सुमित्रा वस्तू बदलायला लागली. आधी एक बिडाचा तवा आला. मग स्टीलची जाड बुडाची पातेली, पितळी डबा, सुती चादरी. पण जित्याची खोड! पंथाच्या बायका पूर्वी घरात टिकाऊ काही आहे का ते पाहायला यायच्या, म्हणून दाराची बेल वाजली की ही नवी पातेली उचलून पलंगाखाली सरकवायची. एकदा बेल मीच वाजवली होती. आत गेले तर वरणाचा वास सगळीकडे आणि वरण कुठेच नाही. पलंगाखालून वाफ येत होती! मी पोट धरून हसले, तीही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. "अलकाताई, कुणीच येणार नाहीये बघायला. तरी मी लपवते."

"कृतिका आली तर?" मी म्हटलं.

"ती आली तर मी सगळं उघड्यावर मांडीन," ती म्हणाली. "तिला एकदा चांगल्या ताटात जेवायला वाढायचंय हो. बाकी मला काही नको."

मागच्या दिवाळीनंतर मी तिला कीर्तिनगरच्या फर्निचर बाजारात घेऊन गेले. घरातल्या कृतिकाच्या रिकाम्या खोलीसाठी पलंग घ्यायचा होता. दुकानदाराने विचारलं, "क्या दिखाऊँ जी?" आणि सुमित्रा सवयीने म्हणाली, "सबसे हल्का वाला." मी तिला असा चिमटा काढला की दुकानदारच ओरडला. शेवटी शिसवी पलंग घेतला आणि त्यावर चांगली जाडजूड गादी. टेम्पो येईपर्यंत आम्ही दुकानाबाहेर छोले-कुलचे खात उभ्या होतो, तेव्हा ती बोलली.

"दहावीला एक्याण्णव टक्के होते तिला. डेंटिस्ट व्हायचं होतं. मी म्हटलं, बाळा, पाच-सात वर्षं आहेत कुठे आपल्याकडे? सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स करून टाक. भांडी बदलता येतात, अलकाताई. तिला मी चार दिवसांच्या मुक्कामापुरतं वाढवलं, ते कसं बदलू?"

मी माझ्यातला अर्धा कुलचा तिच्या पानात ठेवला. एरवी मी सल्ला दिल्याशिवाय कुणाला सोडत नाही.

जानेवारीत एका शनिवारी दुपारी सुमित्राचा फोन आला. "कृतिका येतेय. दवाखान्यात दहावीचं सर्टिफिकेट मागितलंय. तुम्ही या ना, प्लीज. मी एकटी काहीतरी चुकीचं बोलून बसेन." मला बोलावत होती, बोलण्यात चूक होऊ नये म्हणून! धन्य आहे.

मी गेले तर टेबलावर सगळं मांडलेलं. नवी ताटं, वाट्या, भरलं वांगं, साखरभात, आणि पोर दारातच उभी. सत्तावीस वर्षांची, अंगावर पातळ जॅकेट, ओठ थंडीने निळे पडलेले. तिची नजर टेबलावरून फिरली आणि चटकन जमिनीवर गेली.

"बस तरी," सुमित्रा म्हणाली. "पाणी घे. कोमट केलंय."

"नको आई. तुला माहितेय ना यार."

माझा पारा चढला. "घोटभर पाणी घशाखाली गेलं तर काय आभाळ कोसळणार आहे का ग?"

"अलकाताई, नका ना," सुमित्राने माझा हात दाबला. "सर्टिफिकेट तुझ्या खोलीत आहे, बाळा. ये."

कृतिका खोलीच्या दारात थबकली. पलंग, गादी, स्वच्छ चादर, पायाशी रजई. "हे कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. राहा म्हणत नाही मी. असू दे फक्त. कृतिका, मी चुकले ग. तुला शिकवायला हवं होतं. अजूनही..."

"अच्छा, आता?" पोरगी एकदम फिरली. तिचा आवाज चिरकला. "आता तुला कळलं? मी सायन्स सोडलं, आई. मला फॉर्मसुद्धा भरू दिला नाहीस. माझ्या वर्गातली मुलगी त्याच दवाखान्यात डॉक्टर म्हणून येते, मी तिच्या पेशंटची नावं लिहिते. पहाट येणार आहे म्हणून मी ते सहन करते. ती येणारच नसेल तर मी कशासाठी सोडलं सगळं? सांग ना! तू विझलीस आणि मोकळी झालीस. मी सुटले तर माझ्याकडे काय उरतं?"

ही दोन वर्षं मी त्या पोरीला हट्टी समजत होते. मला माझीच लाज वाटली.

सुमित्राने कपाटातून फाइल काढली आणि पलंगावर ठेवली. कृतिका फाइल घ्यायला वाकली आणि तिथेच, गादीच्या काठावर बसली. दिवसभर उभं राहणारी माणसं बसतात तशी, अंग टाकून. वरून विमान गेलं, आमच्याकडे जातातच, आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

तिने गादीवर तळहात दाबला. उचलला. पुन्हा दाबला.

"ही किती टिकते?"

हा प्रश्न त्यांच्यात कुणी विचारत नाही. मीच सांगितलं, "दहा वर्षांची गॅरंटी आहे. त्याच्या आत काही झालं तर मी जाऊन भांडते."

कृतिकाने मान हलवली. चादरीवरची एक सुरकुती बोटाने सरळ केली आणि आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दहा. म्हणजे मी सदतीस वर्षांची होईन."

मग तिच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. ती ताडकन उठली, फाइल छातीशी धरली आणि टेबलाकडे न बघता दाराबाहेर गेली. पाणी घेतलं नाही. जिन्यावर तिची पावलं धडधडत उतरली. सुमित्रा बाल्कनीत धावली आणि ई-रिक्षा गेटबाहेर वळेपर्यंत कठडा धरून उभी राहिली.

मग ती आत आली. तिने माझ्या दंडाला धरलं.

"अलकाताई, ती म्हणाली ना? सदतीस म्हणाली ना ती?"

"म्हणाली बाई," मी म्हटलं. "मी ऐकलंय. कुणी नाही म्हटलं तर माझ्याशी गाठ आहे."