ओरिनाचा झगा

खरं सांगते, ममताबद्दल चांगलं लिहायचं माझ्या मनात नव्हतं. पण तिच्याबद्दल लिहायचं तर चांगलंच लिहावं लागतं, आणि तेच माझं दुखणं आहे.

सानगडीत मी एकोणीस वर्षं ब्लाउज शिवते. दुकानावर ‘रिता लेडीज टेलर’ अशी पाटी आहे. माझ्या बाहीला सुरकुती पडत नाही म्हणून साकोलीच्या बायका बसनं माझ्याकडे येतात. दुपारी मी शिवणक्लास घेते. पाच वर्षांपूर्वी ममता त्याच क्लासला आली होती. तलावाच्या पाळीजवळ राहणाऱ्या बुधरामची ही धाकटी मुलगी. बुधराम तलावात मासे धरतो, त्याची बायको बायाबाई ते बाजारात विकते. ममता बारावी झालेली, बारीक अंगाची, बोलायला कमी. तीन महिन्यांत तिनं क्लास सोडला.

“काहून सोडलं वं?” मी विचारलं.

“काकू, कागदावरचं मले समजत नाई. हातात धरलं का समजते.”

मी हसले होते. माझ्या क्लासातून गळालेल्या मुली पुढं शिवणात काही करत नाहीत, असा माझा अनुभव होता.

आता माझी टीना. सतरा वर्षांची, साकोलीला कॉलेजात जाते. वर्षभरापासून ती मोबाईलवर एक कार्टून मालिका बघते. त्यातली ओरिना नावाची मुलगी समुद्राची राखण करते, एकदाही हसत नाही, आणि टीनाचा तिच्यावर भारी जीव. नागपूरला एका हॉलमध्ये कॉसप्लेची स्पर्धा होती. म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून लोकांपुढं जायचं. ड्रेस भाड्याचा चालणार नाही, गावात-घरात हातानं केलेला पाहिजे, असा नियम होता. मला वाटलं, ही स्पर्धा खास माझ्यासाठीच ठेवली आहे.

लग्नसराईचे तेरा ब्लाउज बाजूला ठेवून मी टीनाचा ड्रेस शिवला. निळं सॅटिन, आतून अस्तर, मागं हुक, घेराला कॅनव्हास. आत दोन बोटं कापड जास्त सोडलं, म्हणजे अंग भरलं तरी दोन वर्षं चालेल. टीनानं घातला, आरशात पाहिलं, मागून पाहिलं.

“आई, मस्त आहे. पण हे मामाच्या लग्नात घालाचं आहे. ओरिना अशी नाई दिसत.”

“कशी दिसते मग?”

“पाण्यातून आताच निघाल्यासारखी.”

असं शिवायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी ड्रेस घडी करून कपाटात टाकला आणि दोन दिवस टीनाशी तुटक बोलले.

तिसऱ्या दिवसापासून ती कॉलेजातून उशिरा यायला लागली. पाळीवरून येते, म्हणाली. तिथं ममता जाळं विणत बसते. टीनानं तिला ओरिनाचं चित्र दाखवलं होतं, आणि ममता म्हणाली होती, “हे त आमच्या जाळ्यासारखंच आहे.” झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात जेवताना भातासोबत ममताताई. ममताताई असं म्हणते, ममताताईनं तसं केलं, ममताताई कधी चिडतच नाही. माझे यजमान कैलाश एकदा म्हणाले, “पोरगी खूश आहे ना, बस झालं.” त्यांना मी त्या दिवशी दुसऱ्यांदा वरण वाढलं नाही.

शेवटी मला राहवलं नाही. मासे घ्यायचं निमित्त करून मी बुधरामच्या घरी गेले. अंगणात ममता बसली होती, शेजारी टीना. दोरीचं एक टोक खुंटीला, हातात बांबूची चपटी सुई, आणि पांढऱ्या बारीक धाग्याचं जाळं मांडीवर वाढत होतं. तो ओरिनाचा झगा होता. फेकायचं जाळं वर अरुंद आणि खाली घेरदार असतं ना, तसाच तिनं तो खांद्यापासून विणत आणला होता. वरची घरं तांदळाएवढी, खाली येता येता बोट जाईल एवढी. टेप नाही, खडू नाही, कागद नाही. माप एकच, बांबूची पट्टी. खालच्या काठाला तिनं जाळ्याचे शिशाचे जड मणी ओवले होते. टीना तो खांद्यावर टाकून उभी राहिली आणि झगा सरळ, भिजल्यासारखा खाली आला. एकोणीस वर्षं मी घेर खाली बसावा म्हणून कॅनव्हास आणि इस्त्रीशी झुंजते आहे. काठाला वजन लावावं हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

कंबरेवर माशाचे खवले होते, खरेखुरे. बायाबाई बाजारात मोठे रोहू साफ करते, त्याचे खवले धुऊन, लिंबू लावून, वाळवून, नेलपॉलिशनं रंगवून ममतानं एकेक टाचला होता. वास येईल म्हणून मी जवळ जाऊन हुंगलं. वास येत नव्हता.

“कसं वाटलं काकू?” ममतानं विचारलं.

“ठीक आहे. शिलाई नाई ना त्याच्यात,” मी म्हणाले, आणि अर्धा किलो मासे घेऊन घरी आले. घरी आल्यावर आठवलं की आज चतुर्थी आहे.

स्पर्धा रविवारी होती. शुक्रवारी टीना झगा घरी घेऊन आली आणि माझ्याच दुकानात, माझ्याच खिळ्याला टांगून ठेवला. शनिवारी सकाळी ती कॉलेजात गेल्यावर मी शटर अर्धं खाली केलं आणि झगा उलटा करून बघितला. कुठं धागा लोंबतोय का, कुठं गाठ ढिली आहे का, एक खांदा वर एक खाली आहे का. तासभर शोधलं. एक चूक सापडावी, एवढंच माझं देवाजवळ मागणं होतं. काही सापडलं नाही. फक्त पिशवीत कोंबून आणल्यामुळं डाव्या खांद्याला चुण्या पडल्या होत्या.

त्या चुण्या पाहून मला बरं वाटलं. मनात म्हटलं, इस्त्री तर माझीच लागणार. नागपूरला लोक झगा बघतील तेव्हा त्याच्यात माझाही हात असेल. आमच्या धंद्यात इस्त्री केल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जात नाही. घागऱ्याची नेट मी शेकडो वेळा दाबली आहे, वर ओलं फडकं ठेवून. तसंच फडकं ठेवलं आणि इस्त्री टेकवली.

पण ती घागऱ्याची नेट नव्हती, मासे धरायचा धागा होता. चर्र आवाज झाला. फडकं उचललं तर तळहाताएवढं जाळं आक्रसून गोळा झालं होतं. घाईघाईत तो गोळा सोडवायला गेले आणि अंगठ्याला गरम धागा चिकटला.

मी झगा पदराखाली लपवून पाळीवर गेले. भर रस्त्यानं चालताना वाटत होतं, सगळं सानगडी बघतंय. ममतानं खांदा उलगडून बघितला. कात्री घेऊन जळालेला भाग कापला, सुईत धागा भरला आणि म्हणाली, “संध्याकाळपर्यंत होऊन जाते काकू. तुमी धरा इकडून.” मी तिच्या क्लासात बसल्यासारखी टोक धरून बसले.

दुपारी टीना शोधत तिथंच आली. खांद्याला पडलेलं भोक बघून ती जागीच थांबली. मी तोंड उघडायच्या आत ममता म्हणाली, “मीच मंगवलं होतं टीना, गाठी पक्क्या कराले. चुलीजवळ ठेवलं अन् जळलं. माह्याच हातानं झालं.”

टीना तिच्याजवळ उकिडवी बसली. “होऊ दे ताई. तुले भाजलं त नाई ना?”

पदराखाली माझा अंगठा ठणकत होता. भाजला होता माझा, आणि माझी पोरगी हात तपासून राहिली ममताचा! तिची माया ममतानं नेली, तिचं कौतुक नेलं, आता माझ्या वाटणीचा रागही स्वतःवर घेऊन मोकळी झाली. चांगुलपणातही हीच पुढं. मला ते सहन झालं नाही.

“तिनं नाई, मी जाळलं!” मी ओरडले. “मी इस्त्री केली. माह्या हातानं जळलं.”

टीना उठली. “तुले काहून हात लावाचा होता आई? कोनं सांगतलं होतं? तुले माहं काहीच चांगलं पाहावत नाई काय?”

“तुह्यं पाहावते. हिचं पाहावत नाई.”

ते तोंडातून निघून गेलं. बायाबाई घरात जाऊन भांडी वाजवायला लागली. ममता खाली मान घालून गाठी मारत राहिली. टीना मात्र थांबली नाही. तेरा ब्लाउजांपासून, सॅटिनच्या ड्रेसपासून, लहानपणी मी तिचे केस कापले होते तिथपर्यंत सगळं तिनं काढलं. महिनाभर ममताताईचं कौतुक सोडलं तर ती माझ्याशी हो-नाही एवढंच बोलत होती. त्या दिवशी पाऊण तास भांडली. मधेच चप्पल फटफटवत घरी गेली, परत आली, मलमाची ट्यूब माझ्या पुढ्यात आपटली आणि पुन्हा भांडायला लागली.

रविवारी आम्ही तिघी नागपूरला गेलो. टीनाला बक्षीस मिळालं नाही, पण तिच्यासोबत फोटो काढायला रांग लागली होती. फोटोत टीना आणि ममता आहेत. मी नाही, कारण फोटो मी काढत होते.

ममता आता मंगळवारी माझ्या दुकानात येते. तिला ब्लाउज शिकायचा आहे. मी शिकवते, कागदाविना, हातात धरून. बाही मात्र अजून शिकवली नाही. टीना कॉलेजातून आली की दोघी खुसुफुसू करतात, हसतात, आणि मशीनवर माझी शिलाई वाकडी जाते.

पण एक आहे. ममताताईशी टीना अजून एकदाही भांडलेली नाही. मी लक्ष ठेवून असते. भांडते ती माझ्याशीच.