तुमी म्हणाल तसं, मालक

मालक खाटेवर बसून चहा पीत होते. मी आणि माझा बाप समोर उभे. त्या उन्हाळ्यात आमची मेंढरं वैजापूरकडं, त्यांच्या रानात बसवलेली. मेंढरं रात्रभर बसली की वावराला खत होतं, बदल्यात बापाला ज्वारी-बाजरी मिळायची. आज कुठल्या वावरात बसवू, हे बाप रोज मालकांना विचारायचा. त्या दिवशी त्याच आवाजात त्यानं विचारलं,

"पोरगं धाव्वी पास झालं. कशात घालू?"

"ते काय म्हणतंय?"

"सायन्स म्हणतंय."

शाळेसाठी मी त्याच गावच्या वसतिगृहात राहायचो, मालकांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. गणितात मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क. मालकांना ते माहीत होतं.

"आरं, लेंड्या मोजायला सायन्स कशाला लागतंय? आर्ट्सला टाक. तेवढं झेपंल."

खाटेभोवतीची माणसं हसली. ते मी कदाचित विसरलोही असतो. पण बापही हसला. मान खाली घालून, तोंडाला टॉवेल लावून.

"तुमी म्हणाल तसं, मालक."

परत जाताना बापच म्हणाला, "शिकलेली मानसं हायत. त्यान्ला कळतं." आमच्यात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. विचारणार कुणाला? ज्याच्या वावरात मेंढरं, त्यालाच. बापाला दोष देऊन देऊन मी दमलो. मग तेही सोडलं.

आर्ट्स वाईट नव्हतं. इतिहासानं मला पोटाला लावलं, शहरात आणलं, ज्युनिअर कॉलेजात नोकरी दिली. पण मी ते घेतलं नव्हतं. मला त्यात टाकलं होतं. गणिताचं पुस्तक दिसलं की अजूनही मी ते उलटं ठेवतो.

आता पुढचं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

दर जूनमध्ये अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी मार्गदर्शनाच्या टेबलावर मी बसतो. आता अर्ज ऑनलाइन झाले, तरी माणसं येतातच. पैठणकडून, वैजापूरकडून, एसटीनं. आईबाप दाराबाहेर चपला काढून आत येतात. वर्षानुवर्षं मी त्या काढलेल्या चपला बघायचो आणि सांगायचो, आर्ट्स घ्या. मार्क नंतर बघायचो. कधी बघायचोही नाही. याला मी दया म्हणायचो. सायन्सला जाऊन नापास होण्यापेक्षा बरं, असं म्हणायचो. बूट घालून आत आलेल्याच्या मुलाला मात्र मी तसं कधी म्हणालो नाही. त्याचे मार्क कमी असले तरी. त्याला विचारायचो, "गणित घेणार की बायो?"

यंदा एक बाप आला. पैठणकडचा, मेंढरंवाला. बोलण्यावरूनच ओळखलं. माझ्या बापासारखाच हेल. त्याची पोरगी मागं उभी.

"सर, कशात घालू हिला?"

"आर्ट्स बरं पडंल. सायन्स झेपायचं नाय," मी म्हणालो. मान वर न करता.

तो हसला. "तुमी म्हणाल तसं, सर."

मी मान वर केली. तेच हसू होतं. टॉवेलसुद्धा तसाच तोंडाला.

"मला इचारा की, सर," पोरगी म्हणाली. रागानं नाही. एसटीची वेळ विचारावी तसं.

पोरीला खुर्ची दिली. म्हणालो, "बस. सांग."

"गणित लई आवडतं."

बाप घाबरला. "आवडून काय व्हतंय? सर, तुमीच ठरवा."

"मी ठरवणार नाही."

"मग तुमी हितं बसलात कशाला?"

बरोबर विचारलं त्यानं. गणित सोडलं तर पुढं कुठली दारं बंद होतात, बायो सोडलं तर कुठली, आर्ट्समधून कुठं कुठं जाता येतं, सगळं सांगितलं. मेहनत किती, तेही लपवलं नाही. मार्क बघितले. चांगले होते. पण ते बघायच्या आधीच मी तिला नाही म्हणालो होतो.

"सायन्स," ती म्हणाली. "गणित घेऊन."

शेजारच्या टेबलावरचे सर हळूच म्हणाले, "नापास झाली की तुमच्याच नावानं शंख करतील. ह्या लोकांना कशाला डोक्यावर घेता?"

"ह्या लोकांतलाच आहे मी," मी म्हणालो. इतक्या वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदा.

ते आपल्या कागदांकडं वळले. मला बरं वाटलं नाही. कारण ज्यांना मी आजवर आर्ट्सला टाकलं, त्यांची तोंडं मला आठवत नाहीत. मालकांना तरी माझं तोंड माहीत होतं.

ती पोरं परत यायची नाहीत. मी माफी मागावी असा पत्ताही माझ्याकडं नाही.

पुढच्या जूनमध्ये मी त्याच टेबलावर बसणार. दारात चपला काढू देणार नाही. लेकराला पुढं बसवणार, बापाला शेजारी. आधी लेकराला विचारणार. आणि त्या खोलीत कुणी हसत "तुम्ही म्हणाल तसं" म्हणालं, तर मी काहीच म्हणणार नाही. लेकरू बोलेपर्यंत थांबणार.