कपातली जपानी बाई

आज चहा संपवून आत्याचा जपानी कप खिडकीच्या उजेडाला धरला, आणि तळाच्या पातळ चिनीमातीतून अंबाडा घातलेली बाई उमटली.

ती मला पहिल्यांदा दिसली कामतघरला. तिथे आत्या एकटीच राहायची. शेजारच्या कापड कारखान्यातले लूम सुरू झाले की तिच्या कपाटातले हे कप किणकिणत. तिच्या आजेसासऱ्यांनी ते कधीकाळी बोटीवरून आणलेले.

"चहा संपव, मग ती भेटेल," आत्या म्हणाली.

भेटली. निघताना मी "जाते" म्हणाले.

"जाते म्हणू नये गं. येते म्हणावं."

मी कपातल्या बाईलाही "येते" म्हणाले. आत्या हसली. मी चपला घालेपर्यंत तिने पुन्हा कपभर चहा ओतून घेतला. तेव्हा वाटलं, आत्याला चहा फार आवडतो.

आता मीही एकटीच राहते. चहा मलाही फारसा आवडत नाही, तरी रोज तळापर्यंत पिते.