गिलहूलींकडचं पॅट्रिकच्या दिवसाचं जेवण

फिन्टन गिलहूलीनं जन्मात चहापलीकडे काही उकळलं नव्हतं. पबाचा पुढचा भाग त्याचा, मागचं स्वयंपाकघर बायकोचं, डेलियाचं, अशी चौतीस वर्षांची वाटणी. काळ्या बिअरचा फेस खाली बसेपर्यंत ग्लासाला हात लावायचा नाही, एवढं त्याला कळायचं; पातेल्यात काय शिजतंय ते डेलियाला. आणि नाताळच्या तोंडावर डेलिया गेली.

म्हणून काय मार्चातला संत पॅट्रिकचा सण थांबतो? मिरवणूक संपली की अर्धं गाव भुकेजून गिलहूलींकडे यायचं, खारवलेलं डुकराचं मांस, कोबी नि बटाटे हाणायला. डब्लिनहून लेकीचा फोन आला, "बाबा, विकून टाका आता. एकट्याच्यानं नाही व्हायचं." फिन्टननं मनाशी पक्कं केलं: आजचं जेवण जमलं तर पब चालवायचा, फसलं तर उद्या पाटी उतरवायची. हट्टी माणूस! शेजारची पेगी मदतीला आली, तर तिलाही दारातूनच वाटेला लावलं.

अकरा ट्रॅक्टर, शाळेचा बँड आणि खोटी दाढी हातात घेतलेला संत पॅट्रिक एवढं सगळं रस्त्यावरून गेलं, आणि माणसं आत शिरली. कोटांवर खोचलेली शॅमरॉकची तीन हिरवी पानं, नाकं थंडीनं लाल. ताटं गेली. पहिल्या घासाला सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"छान झालंय हं," पेगी म्हणाली आणि घटाघटा पाणी प्यायली.

म्हातारा बार्टली ईस्टरपूर्वीच्या उपासात दारू सोडायचा. त्याला फक्त आजच्या दिवसाची सूट. त्यानं जेवता जेवता तीन ग्लास रिकामे केले. बिअर काय खपतेय आज! फिन्टन हरखला. ताटं परत आली ती लख्ख, कोबीचं पानसुद्धा उरलं नव्हतं.

मग पातेल्याच्या तळाचा एक तुकडा त्यानं तोंडात टाकला. अरे देवा! नुसतं मीठ. ते मांस आदल्या रात्री पाण्यात भिजत घालायचं असतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. डेलिया सिंकखाली बादलीत ते भिजवायची, पण ती बादली फरशी पुसायची, अशी याची समजूत.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान तापले होते. "हे खाल्लंत तुम्ही? तोंडावर सांगायला काय झालं होतं? कीव करता होय माझी?"

फिन्टननं हातातलं फडकं काउंटरवर आपटलं.

"बास झालं. उद्या पाटी उतरवतो."

"खाली बस," बार्टली म्हणाला. "मोठा आलाय पाटी उतरवणारा. डेलियाचं इथलं पहिलं वर्ष आठवतंय? तिनंही भिजवलं नव्हतं."

"काहीतरीच काय!"

"याहून खारट होतं. आम्ही मुकाट गिळलं. तुला कळू द्यायचं नाही म्हणून शपथ घातली होती तिनं आम्हाला. तू त्या दिवशी काय जेवलास, सांग बरं?"

फिन्टन विचारात पडला. "दोन उकडलेली अंडी. म्हणाली, सगळं संपलं."

"संपलं कसलं! तुझा वाटा कुत्र्याला घातला. त्यानंही तोंड फिरवलं."

पबात हशा उसळला. फिन्टनही हसला, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. डेलिया गेल्यापासून तो जुन्या आठवणीच घोळवत होता. तिच्याबद्दल अजून काही नवीन कळेल, असं त्याला वाटलंच नव्हतं.

"पुढच्या वर्षी भिजव म्हणजे झालं," पेगी म्हणाली.

"भिजवीन." त्यानं नाक पुसलं, खुर्ची बार्टलीजवळ ओढली आणि बसला. "रडली होती का रे ती?"

"रडली तर! मागच्या पायरीवर, एप्रनमध्ये तोंड खुपसून."

"सांग ना," फिन्टन म्हणाला. "आणखी सांग."