सरकणारी पेशी

पडद्यावर एक पेशी सरकत होती. सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या हाडाचा जिवंत तुकडा होता आणि ती पेशी ते हाड कुरतडत पुढे जात असावी. पन्नाशीत संशोधनाला लागलेल्या मला एवढे सुख संशयास्पद वाटले. दुपारी माझ्या मार्गदर्शक सरांना माझे पहिले निरीक्षण सांगायचे होते.

"मॅडम, पेढे कधी?" सहकारी श्वेताने विचारले.

"आधी मेलेला तुकडा ठेवून पाहते." मेलेलेही सरकले तर हालचाल यंत्राची, असा आमच्या प्रयोगशाळेतला रिवाज आहे.

मेलेला तुकडाही सरकला.

"एसीच्या थरथरीचा प्रताप! मेलेल्यांनाही चालवतो तो," श्वेता हसली.

ज्याच्या बळावर आपण ताठ उभे राहतो, ते हाड आतून सतत मोडते आणि घडते, हे मी पुस्तकात वाचून केव्हाच मान्य केले होते. मग मी हाड पाहत होते, की वाचलेले वाक्य?

एसी बंद केला. मेलेला तुकडा निश्चल राहिला. जिवंत तुकड्यातली पेशी मात्र पुन्हा सरकली. पण ती सूक्ष्मदर्शकाच्या प्रकाशापासूनच पळत नसेल कशावरून? मी प्रकाश मंद केला. पडदा अंधूक झाला; सरकते ते नेमके काय, नीट दिसेना.

सर आले तेव्हा मी इतकेच म्हणाले, "काहीतरी सरकते आहे. माझा अजून विश्वास बसलेला नाही."

त्यांनी खुर्ची ओढली आणि ते शेजारी बसून पाहू लागले.