सफरचंदाच्या चकत्या आणि आत्याचं नाक

आमचं घर आत्याच्या नाकावर चालायचं, हे मी थट्टेनं सांगत नाही. साबणाच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं तिचं काम एकच. प्रत्येक लॉटमधली एक वडी उचलायची, हुंगायची आणि वहीत सही करायची. सही झाली की माल बाहेर, नाही झाली की परत वितळायला. तिथे तिला सगळे ‘नाकवाल्या बाई’ म्हणत आणि तिला त्याचा कोण अभिमान! लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिली. आई गेल्यावर मला वाढवलं ते तिनंच. मी बाहेर काय खाऊन आले, कुठे बसून आले, सगळं तिला दारातच कळायचं. खोटं बोलायची सोयच नव्हती.

स्वयंपाकघरातल्या एकाही डब्यावर तिनं कधी चिठ्ठी लावू दिली नाही. “नाक कशाला दिलंय देवानं? चष्मा अडकवायला?” असं म्हणायची.

त्या रविवारी दुपारी बाबांनी आणलेली सफरचंदं पिठूळ निघाली. असली सफरचंदं आमच्याकडे कुणी खात नाही आणि आत्या फेकूही देत नाही, तिच्या हातच्या तळलेल्या चकत्या होतात. साल काढायची, मधला बियांचा भाग कोरून टाकायचा, बोटभर जाडीच्या चकत्या कापायच्या. मैदा, दूध, चिमूटभर मीठ, किंचित सोडा. त्यात बुडवून तळायच्या आणि गरम असतानाच पिठीसाखर-दालचिनीत घोळवायच्या. एवढंच.

एरवी ती कढईकडे पाठ करून माझ्याशी गप्पा मारते आणि वास आला की वळून चकत्या उलटते. त्या दिवशी मात्र कढईवर वाकून पुटपुटत होती. मी कान दिला तर आकडे. एक ते चाळीस, मग उलट. पुन्हा एक ते चाळीस.

“काय गं आत्या, पुन्हा पहिलीत नाव घातलंस की काय?”

“मेले, तोंड आवर आणि ताट पुढे कर.”

चकत्या अशा फुलल्या होत्या की बघतच राहावं. मी एक उचलली, फुंकर मारली आणि मोठा घास घेतला. तोंडात जे आलं त्यानं मी जागच्या जागी थिजले. साखर, सफरचंद आणि जिऱ्याची पूड! मी बाबांकडे पाहिलं. ते शांतपणे तिसरी चकती चावत होते.

“आत्या, हे जिरं आहे.”

तिनं चकती नाकाशी धरली, डोळे मिटले, अगदी कारखान्यातल्यासारखी लांब हुंगली. “दालचिनीच आहे. जुनी झाली असेल.”

जिरं आणि दालचिनी! ही बाई शेजारच्या घरात काय उकळतंय ते सांगायची. मी मोरीतून फिनेलची बाटली आणली, झाकण काढलं आणि म्हणाले, “डोळे मिटूनच ठेव. आता हे सांग.” बाटली तिच्या नाकाखाली धरली. माझ्याच डोळ्यांना पाणी आलं.

“वेलची,” आत्या म्हणाली.

मी बाटलीला झाकण लावलं. तिनं डोळे उघडले, बाटली पाहिली आणि हळूच पिठाचे हात पुसायला लागली. “सात महिने झाले,” ती म्हणाली. “तो ताप आला होता बघ, तेव्हापासून काहीच येत नाही.”

“मला आहे माहीत,” बाबा म्हणाले.

आता मात्र मी त्यांच्यावर तुटून पडले. माहीत आहे? मग गप्प का बसलात? गॅस सुरू राहिला असता तर? बाबा खालमानेनं म्हणाले की ते रोज तिच्या आधी उठतात, गॅस बघतात, दूध हुंगतात, शिळं असेल ते टाकतात. “तिचं मन कशाला मोडायचं, म्हणून...” मला वाटायचं म्हातारपणामुळे त्यांची झोप उडाली आहे. एका घरात राहून मी आंधळी ती आंधळी!

“आणि कारखान्यात गं?”

आत्यानं गॅस बंद केला. “वडीचा रंग बघते. मग थोडा वेळ डोळे मिटते. मग सही करते.”

“आत्या! लोक तो साबण तान्ह्या मुलांना लावतात!”

हे मी फार जोरात बोलले. ती चेहरा पाडून उभी राहिली. त्या वेळी मला तिची दया आली नाही, हे खरं सांगते. मला राग आला होता. सगळं नाटक, आणि तेही माझ्या आत्याचं! शेवटी तीच म्हणाली, “उद्या साहेबांना सांगते. काढून टाकतील तर टाकू देत. एकोणतीस वर्षांत माझ्या सहीला कुणी नाव ठेवलं नाही, आता मीच ठेवते.” मग गार झालेल्या चकत्या तिनं एकेक करून कचऱ्यात टाकल्या.

सोमवारी मी रजा टाकून घरीच थांबले. ती दुपारीच परत आली, चप्पल न काढता खुर्चीवर बसली. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

“काढलं?” मी विचारलं.

“नाही.”

“रागावले?”

“छे गं. चहा मागवला माझ्यासाठी. म्हणाले, बाई, घाबरू नका, एकही लॉट बिघडलेला नाही. तुमच्या सहीनंतर माल प्रयोगशाळेत जातो, तिथलं यंत्र काय ते ठरवतं. चार वर्षं झाली म्हणे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही.”

मला वाटलं, सुटलो. तसं म्हणायला मी तोंडही उघडलं होतं.

“चार वर्षं,” आत्या म्हणाली. “तेव्हा तर मला सगळे वास येत होते गं.”